वाचलेला रुपया जातो कुठे?

(सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय आहे घरातली काटकसर. म्हटलं तर अगदी साधा विषय, तुम्हा सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेला. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी सायीचं तूप कढवलेलं असणार, उरलेल्या निम्म्यांनी ते खाल्लेलं असणार. (हशा) तेव्हा मी काही नवीन युक्त्या घेऊन आलेलो नाही. युक्त्यांची यादी कुठेही मिळते. मला आज त्यापुढचा प्रश्न विचारायचा आहे. आपण आयुष्यभर काटकसर करतो, मग वर्षाच्या शेवटी ते वाचलेले पैसे दिसत का नाहीत? वाचलेला रुपया जातो कुठे?

याचं उत्तर मी आधीच सांगून टाकतो, मग ते नीट उलगडू. वाचलेला रुपया मोजला नाही आणि मोजून वेगळा ठेवला नाही, तर तो वाचलेलाच नसतो. तो फक्त दुसऱ्या कशावर तरी खर्च झालेला असतो. म्हणजे काटकसरीला तीन पायऱ्या आहेत. पैसा कुठे गळतो ते मोजणं, तो थांबवायला कोणाचा किती वेळ लागतो ते बघणं आणि जो वाचला त्याला नाव-पत्ता देणं. आपण बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर अडकतो, आणि तिथेही चुकीच्या जागी.

उजेड स्वस्त, उष्णता महाग

चुकीच्या जागी म्हणजे कुठे? तर बघा, घराघरांत एक संवाद रोज होतो. "मोबाइलचा चार्जर तसाच लावून ठेवलाय, बिल कोण भरणार?" आता मोबाइल न जोडलेला चार्जर नुसता लावून ठेवला तर तो साधारण एका वॅटचा दहावा हिस्सा वीज घेतो. महिनाभर अखंड राहिला तरी एक युनिटसुद्धा होत नाही, युनिटचा दहावा हिस्साही होत नाही. म्हणजे रुपयाच्या आतलं प्रकरण. त्यावरून रोज ओरडा, आणि त्याच घरात टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स चोवीस तास चालू. टीव्ही रिमोटने बंद केला म्हणजे बॉक्स बंद होतो असं नाही. तो दहा वॅटच्या आसपास वीज घेतच राहतो. महिन्याला सात युनिट. तुम्ही टीव्ही दिवसाला चार तास बघत असाल, तर त्यातली सहा युनिट कोणी न बघितलेल्या टीव्हीची. विजेचा दर सोयीसाठी आठ रुपये युनिट धरू. अठ्ठेचाळीस रुपये झाले. भिंतीवरचं बटण बंद करायला दोन सेकंद लागतात.

आता युनिट म्हणजे काय ते एकदा पक्कं करून घेऊ, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. बस्स. उपकरणावर वॅट लिहिलेले असतात, त्याला तासांनी गुणायचं, हजारने भागायचं.

या हिशोबाने नऊ वॅटचा एलईडी दिवा संध्याकाळी चार तास लावला तर तीस पैशांच्या आत काम होतं. आणि आंघोळीची एक बादली? वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.३५ युनिट लागतं, म्हणजे पावणेतीन रुपये. तेवढ्या विजेत तो दिवा ३९ तास जळेल! दिवा विसरला म्हणून आपण मुलांना रागावतो. गिझर आंघोळीआधी तासभर चालू ठेवला तर कोणी काही बोलत नाही. आणि गिझरचा काटा ६० अंशांवर ठेवून मग त्यात गार पाणी मिसळायचं, यात टाकी उगाच जास्त तापते आणि ती जास्तीची उष्णता टाकीच्या अंगातून बाहेर जात राहते.

तेव्हा पहिला नियम: उजेड स्वस्त आहे, आवाज स्वस्त आहे, वारा मध्यम आहे आणि उष्णता महाग आहे. गिझर, इस्त्री, गॅस, ओव्हन. आणि उष्णता बाहेर ढकलणारी यंत्रं, म्हणजे फ्रीज आणि एसी. जिथे काहीतरी तापतं किंवा गार होतं, तिथे पैसा आहे. शोधायचं तिथेच.

वाऱ्याचंही बघू. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो. नवे बीएलडीसी पंखे तीसच्या आसपास. ४५ वॅटचा फरक. पंखा रोज बारा तास फिरत असेल तर महिन्याला सोळा युनिट, म्हणजे साधारण १३० रुपये. पण तोच पंखा पाहुण्यांच्या खोलीत असेल आणि आठवड्यातून दोन तास फिरत असेल, तर बदलून काय मिळणार? काहीच नाही. म्हणून "घरातले सगळे पंखे बदला" हा सल्ला चुकीचा. सर्वांत जास्त तास फिरणारा एक पंखा आधी बदला. बहुतेक घरांत तो झोपायच्या खोलीतला असतो.

आणि अजून एक. विजेचं बिल टप्प्यांनी वाढतं. महावितरणच्या घरगुती दरात पहिली शंभर युनिट स्वस्त, त्यापुढची महाग, तीनशेच्या पुढची आणखी महाग. म्हणजे तुम्ही जी युनिट वाचवता ती नेहमी वरच्या टप्प्यातली, सर्वांत महाग असलेली असतात. मी आठ रुपयांनी हिशोब केला, तुमचा फायदा त्याहून जास्तही असू शकेल. बिलाच्या मागे टप्प्यांचा तक्ता असतो, तो आज घरी गेल्यावर वाचा. आपण फक्त शेवटचा आकडा बघतो आणि कपाळाला हात लावतो.

उकळी आल्यावर काय होतं?

आता स्वयंपाकघरात येऊ. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था १९७८ पासून गॅस वाचवा म्हणून सांगते आहे. झाकण ठेवा, कुकर वापरा, डाळ भिजवा. सगळं आपल्याला पाठ आहे. पण का, हे कळलं की हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो.

एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला चांगल्या शेगडीवर साधारण दहा ग्रॅम गॅस लागतो. सिलिंडर १४.२ किलोचा. त्याची किंमत ९०० रुपये धरली, तर दहा ग्रॅमचे साठ-पासष्ट पैसे. ठीक आहे. पण तेच एक लिटर पाणी पूर्ण आटवायचं म्हटलं, तर त्याला त्यापुढे सातपट उष्णता लागते. सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम गॅस, साडेचार रुपये. म्हणजे पाणी गरम करणं स्वस्त आहे, पाण्याची वाफ करणं महाग आहे.

आणि गंमत अशी की पाणी एकदा उकळलं की ते १०० अंशांच्या वर जात नाही. खाली कितीही मोठी आच ठेवा. जास्तीची आच बटाटा लवकर शिजवत नाही, ती फक्त वाफ जास्त करते. म्हणून उकळी आली की आच बारीक. बटाटा तेवढ्याच वेळात शिजतो. झाकण ठेवायचं तेही याचसाठी. बाहेर चाललेली वाफ म्हणजे बाहेर चाललेला गॅस.

कुकर काय करतो? तो वाफ कोंडतो, दाब वाढतो, आणि आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. त्या वीस अंशांत सगळी जादू आहे. म्हणून कुकरचा दाब आला की आच कमी करायची. भराभरा शिट्ट्या होणं म्हणजे अन्न शिजतंय असं नाही, कोंडलेली वाफ आपण बाहेर सोडतोय. आपल्याकडे "कुकर लावणं" म्हणजे खाली डाळ, वर भात, जमलं तर त्यावर बटाटे. ही एकावर एक भांडी रचायची पद्धत फार शहाणपणाची आहे. एका आचेत तीन कामं.

डाळ भिजवायचं कारणही तेच. पाणी दाण्याच्या आत जायला वेळ लागतो. तो वेळ गॅसवर द्यायचा की ओट्यावर, एवढाच प्रश्न आहे. ओट्यावरचा वेळ फुकट असतो.

हे सगळं केल्यावर तुमचा सिलिंडर तीस दिवसांऐवजी छत्तीस दिवस गेला, तर महिन्याला दीडशे रुपये वाचले. सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहायची पद्धत आपल्याकडे आहेच. ते काटकसरीचं सर्वांत साधं आणि सर्वांत खरं मोजमाप आहे. दोन तारखांमधलं अंतर वाढलं का? वाढलं तर तुमच्या युक्त्या खऱ्या.

मात्र एका ठिकाणी काटकसर करायची नाही. गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर मुदत छापलेली असते. ती "अजून चांगली दिसतेय" म्हणून ठेवणं ही काटकसर नाही, तो जुगार आहे. विजेच्या वायरी, औषधं, चष्म्याचा नंबर यांचंही तसंच.

बाजारातलं गणित

बाजारात आपली एक श्रद्धा असते: मोठं पाकीट स्वस्त. पुष्कळदा असतंही. पण शॅम्पूच्या पुडीचा आणि बाटलीचा भाव मिलिलिटरने काढून बघा. कित्येकदा पुडी स्वस्त निघते. आता पाकिटांवर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पडतात तेही छापलेलं असतं. अक्षर बारीक असतं, पण असतं. किमतीपेक्षा तो आकडा वाचा. कारण किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करणं ही कंपन्यांची जुनी रीत आहे. पाकीट तेवढंच दिसतं, आत पन्नास ग्रॅम कमी.

वर्षाचं धान्य भरण्याचंही मोजून बघायला हवं. एप्रिल-मेमध्ये गहू भरायचा, ऊन द्यायचं, तांदळाला, डाळीला एरंडेल चोळायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा. उत्तम पद्धत. पण पन्नास किलोतले पाच किलो पोरकिड्यांनी खाल्ले, तर दहा टक्के गेले. मग घाऊक भावात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक होता का? नसेल तर नुसते कष्टच झाले. पूर्वीची माणसं पंधरा तोंडांसाठी धान्य भरत होती. आज घरात तीन माणसं, त्यातली दोन दुपारी बाहेर जेवतात. प्रमाण बदललं तर पद्धत बदलायला हवी. तीन-तीन महिन्यांचं भरा.

एकत्र खरेदीचा फायदा हवा असेल तर आपल्याकडे त्याचा जुना दाखला आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची रीत अशी, की शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल एकत्र येतो आणि सभासदच तो आपापसांत वाटून घेतात. मधला नफा जातो आणि घाऊक भाव मिळतो, पण पन्नास किलो गहू एका घरात पडून राहत नाही. त्या आधी तीन वर्षं, १९७२ साली, मुंबईच्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर त्यांच्या पुढे होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण घरातल्या काटकसरीची एक हद्द असते. भाव दुप्पट झाले तर झाकण ठेवून किती वाचणार? काही हिशोब घरात सुटतात, काही रस्त्यावर.

आणि बाजारातली सर्वांत महाग वस्तू कोणती, माहीत आहे? उधारी. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली तर व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के. महिन्याला म्हणतोय मी, वर्षाला नव्हे. वीस हजार थकले तर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे सातशे रुपये. मी मघापासून पंखा, बॉक्स आणि गॅस मिळून सव्वातीनशे वाचवले. तुम्ही घरात झाकणं ठेवताय आणि कार्डावर सातशे रुपये वाफेसारखे चाललेत! म्हणून कार्डाचं देणं असेल तर बाकीच्या सगळ्या युक्त्या नंतर, आधी ते फेडा. "शून्य टक्के व्याजाचा हप्ता" दिसला की प्रक्रिया शुल्क विचारा आणि रोख घेतलं तर किती सूट, तेही विचारा. फुकट कोणी पैसे देत नाही. शून्य टक्क्यांच्या योजनांत व्याज प्रक्रिया शुल्कात लपवलेलं असतं, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांचे कानही उपटले होते.

वेळ कोणाचा?

आता दुसरी पायरी. इथे जरा अवघड बोलायचं आहे.

काटकसरीच्या बहुतेक युक्त्यांमध्ये पैशाच्या जागी वेळ खर्च होतो. आणि तो वेळ घरात कोणाचा असतो, हे सांगायला नको. पण आकडा सांगतो. केंद्र सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. पुरुषांमध्ये घरकाम करणारे मुळात थोडे, आणि जे करत होते ते ९७ मिनिटं देत होते. पाच तास आणि दीड तास.

म्हणजे "बाहेरून आणण्यापेक्षा घरी करू, स्वस्त पडतं" हे वाक्य म्हणणारा एक असतो आणि करणारी दुसरी असते. तिचा वेळ शून्य रुपयांचा धरला म्हणून ते स्वस्त पडतं!

म्हणून प्रत्येक युक्तीला तीन प्रश्न विचारा: किती रुपये, किती वेळ आणि कोणाचा वेळ. तुपाचं उदाहरण घेऊ. रोज एक लिटर सहा टक्के स्निग्धांशाचं दूध येतं. महिन्यात १.८ किलो स्निग्धांश घरात आला. सायीतून त्यातला निम्मा जरी हाती लागला, तरी ९०० ग्रॅम. तूप किलोला सहाशे धरलं तर ५४० रुपये. महिन्यातून चार वेळा, प्रत्येक वेळी विरजण, घुसळण, कढवणं मिळून तासभर. तासाला १३५ रुपये पडले. वर ताक फुकट. ही चांगली काटकसर आहे, अर्थात तुम्ही एरवी तूप विकत आणत असाल तर.

आता दुसरं उदाहरण. कोथिंबीर मंडईत पाच रुपयांनी स्वस्त म्हणून वीस रुपयांची रिक्षा. (हशा) हसताय, पण रिक्षाऐवजी ती पाऊण तास चालत गेली असती तर आपण हसलो नसतो. "काटकसरी आहे हो" म्हणून कौतुक केलं असतं. पाऊण तासाला पाच रुपये! इतक्या कमी मजुरीवर आपण कोणाला कामाला ठेवलं असतं का?

काटकसर आणि कंजूषपणा यांच्यातला फरक मला असा दिसतो. काटकसर वाया जाणारं थांबवते. कंजूषपणा कोणाच्या तरी वाट्याचं कमी करतो. झाकण ठेवल्याने कोणाचं काही कमी होत नाही. पण सगळ्यांना गरम पोळी आणि तिला सकाळची शिळी, ही काटकसर नाही. तो तिच्या ताटातून कापलेला पैसा आहे. घरात अन्न उरू नये म्हणून मोजून शिजवणं, ही खरी काटकसर. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, त्यात मापं वाटी-चमच्याची आहेत. वाटी घराघरांत असते. माणशी किती वाटी तांदूळ हे एकदा ठरलं, की उरत नाही आणि कोणाला शिळं खावंही लागत नाही.

रुपयाला नाव आणि पत्ता

आता तिसरी पायरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आपला हिशोब कुठपर्यंत आला बघू. पंखा १३०, बॉक्स ४८, गॅस १५०, तूप ५४०. चार माणसांच्या घरात आंघोळीची बादली वीसऐवजी पंधरा लिटरची केली तर आणखी दहा युनिट, साधारण ८४ रुपये. एकूण ९५२. थंडीत पंखा बंद असतो, कधी तूप कमी निघतं, म्हणून ९०० धरा. वर्षाचे १०,८००. पाच वर्षांचे, व्याज सोडूनही, ५४,०००.

हे ५४,००० रुपये तुमच्याकडे आहेत का? पाच वर्षं तुम्ही झाकणं ठेवलीत ना? मग कुठे गेले? तर, बिल कमी आलं म्हणून त्या महिन्यात पावभाजी झाली. गॅस पुरला म्हणून चादर घेतली. ते वाईट नाही, पावभाजी खाल्लीच पाहिजे. पण मग "आम्ही बचत केली" म्हणू नका, "खर्च बदलला" म्हणा. बचत व्हायची असेल तर बिल भरलं त्याच दिवशी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल काढायचं, फरक बघायचा, आणि तो फरक दुसऱ्या खात्यात टाकायचा. त्याच दिवशी.

आपल्या आज्या-आया हे करतच होत्या. डाळीच्या डब्यात, तांदळाच्या कोठीत, साडीच्या घडीत. त्या पैशाला पत्ता होता, पण नाव नव्हतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि देशभर हे डबे उघडावे लागले. वीस-वीस वर्षं कोणाला न सांगता साठवलेलं एका आठवड्यात सगळ्या घराला कळलं. काही घरांत कौतुक झालं. काही घरांत "हे माझेच पैसे" म्हणून ते काढून घेतले गेले. पुढे बँकेत भरलेल्या अशा पैशांवर आयकर खात्याने प्रश्न विचारले. २०२१ साली आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने सांगितलं, की गृहिणीने नोटबंदीत भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम ही तिची अनेक वर्षांची बचत असू शकते, ते अघोषित उत्पन्न मानता येणार नाही. चांगला निर्णय. पण त्यासाठी एका गृहिणीला न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं.

घरखर्चातून वाचलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये १९४३ साली असा खटला झाला. नवऱ्याने दिलेल्या घरखर्चातून एका बाईने १०३ पौंड १० शिलिंग साठवले होते. नवरा-बायको वेगळे झाले आणि अपील न्यायालयाने निर्णय दिला, की ते पैसे नवऱ्याचे. काटकसर तिची, पैसे त्याचे. तिथे कायदा बदलायला १९६४ साल उजाडलं. मग निम्मे-निम्मे झाले.

तेव्हा वाचलेल्या रुपयाला नाव द्या. ज्या माणसाच्या हाताने तो वाचला, त्याच्या नावाचं खातं. पोस्टात आवर्ती ठेव महिन्याला शंभर रुपयांपासून उघडता येते, पाच वर्षांची. नॉमिनी लिहा. पासबुक कुठे आहे ते घरात एका विश्वासाच्या माणसाला सांगा.

बँकेत जाणं जमत नाही, लाज वाटते, एवढ्याशा पैशासाठी कोण विचारणार, असं वाटतं. साताऱ्यातल्या म्हसवडला रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यात डोक्यावर घालायच्या प्लॅस्टिकसाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. बँका खातं उघडेनात. त्यातून चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण सभासद अंगठेबहाद्दर. बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. माण तालुका, दुष्काळी भाग. तिथल्या बाईला नाव-पत्ता मिळवता आला, तर आपल्याला पोस्टापर्यंत चालत जायला काय हरकत आहे?

माझं बोलणं मी इथे थांबवतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: आमची बारा जणींची भिशी आहे, महिन्याला हजाराची. ती चांगली की आवर्ती ठेव?*

ताई, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. जिचा नंबर पहिला लागतो, तिला बिनव्याजी कर्ज मिळतं. जिचा शेवटी, तिने वर्षभर बिनव्याजी पैसे वापरायला दिलेले असतात. सहा टक्क्यांच्या ठेवीत तिला साधारण साडेतीनशे-चारशे रुपये व्याज मिळालं असतं. तेवढं ती गाठीभेटींसाठी मोजते म्हणा. आणि मैत्रिणींसमोर हप्ता चुकवता येत नाही, ही भिशीची खरी ताकद आहे. धोका एवढाच, की एखादी घर बदलून गेली तर कागद काही नसतो. म्हणून ओळखीच्याच बायकांची, छोटी आणि वहीत सह्या घेऊन चालवा. साठलेले बारा हजार हातात आले की ते ठेवीत टाका. ते खर्चाला काढले तर भिशीने नुसते पैसे गोळा केले, बचत झाली नाही.

*प्रश्न: मुलगा म्हणतो, आजी, एवढ्या तेवढ्यासाठी कशाला जीव काढतेस, मी कमावतो ना?*

आजी, त्याला म्हणावं, बाळा, तू महिन्याला ९०० रुपये जास्त मिळवायला किती तास काम करतोस ते सांग. (हशा) आणि दुसरं म्हणजे, त्याचं थोडं ऐकाही. ज्या युक्तीत तुमचे गुडघे दुखतात आणि पाच रुपये वाचतात, ती सोडून द्या. ज्यात वाया जाणारं थांबतं, ती चालू ठेवा. आणि त्यातून वाचलेलं त्याच्या नाही, तुमच्या खात्यात टाका.

*प्रश्न: सुरुवात कुठून करायची? सगळं एकदम जमणार नाही.*

करूही नका. तीनच गोष्टी करा. आज रात्री विजेचं मीटर वाचून कॅलेंडरवर लिहा, उद्या त्याच वेळी पुन्हा वाचा. दिवसाला किती युनिट जातात ते कळेल. दुसरं, पुढचा सिलिंडर लागेल तेव्हा तारीख लिहा. तिसरं, कार्डाची किंवा कोणाची महाग उधारी असेल तर तिचा आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजला लावा. महिनाभर फक्त बघा. कुठे हात घालायचा ते तुमचं तुम्हालाच दिसेल.